सहा उणिवा की आठ? दोन कौटुंबिक एसयूव्हींत नसलेल्या सोयींचा तुलनात्मक आढावा

तीन रांगांची नवी कौटुंबिक एसयूव्ही घ्यायचे ठरले, इंजिन आणि किंमत दोन्ही जुळले आणि निवड शेवटच्या दोन गाड्यांवर येऊन अडली, की घरात कोणीतरी कागद घेऊन बसते. मध्ये उभी रेघ मारली जाते आणि दोन्ही बाजूंना त्या त्या गाडीत काय काय नाही याची यादी उतरू लागते. असाच एक कागद समोर ठेवून हा आढावा लिहीत आहे. गाड्यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण नावे बदलली तरी पेच साधारण हाच असतो.

पहिल्या गाडीच्या रकान्यात सहा गोष्टी आहेत: स्टिअरिंग वरखाली होते पण पुढेमागे होत नाही, मागच्या काचेला वायपर नाही, स्टेपनी नाही, मागच्या प्रवाशांसाठी एसीचा वेगळा पंखा नाही, एसीला बटणे नाहीत कारण सगळा कारभार पडद्यावर आहे आणि मधली रांग पुढेमागे सरकत नाही. दुसऱ्या गाडीच्या रकान्यात तिच्यात नसलेल्या आठ सोयी आहेत: पॅनोरमिक सनरूफ, हवा खेळवणाऱ्या म्हणजे व्हेंटिलेटेड पुढच्या सीट, चहूबाजूंचे दृश्य दाखवणारा 360 अंशांचा कॅमेरा, विजेवर उघडणारी डिकी, फोनची वायरलेस जोडणी, वायरलेस चार्जिंग, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि आतील रंगीत दिवे. एकीत जे नाही ते दुसरीत आहे, असे धरून चालावे.

मोजदाद केली तर पहिली गाडी सरस ठरते, आणि शोरूममध्येही तीच सरस ठरते, कारण तिच्याकडे जे आहे ते उभ्या गाडीत पाच मिनिटांत दिसते आणि जे नाही ते पावसात, रात्री किंवा सामानासकट सात माणसे बसल्यावरच कळते. माझा कौल तरीही दुसरीला आहे. तिच्या आठ उणिवांपैकी चार थोड्या खर्चात नंतर भरून काढता येतात. पहिलीच्या सहापैकी एकही नीट भरून निघत नाही.

नंतर बसवता येईल ते आणि येणार नाही ते

पूर्वी गाडीत एखादे उपकरण वाढवायचे म्हणजे बॅटरीपासून एक तार ओढून मध्ये स्विच घातला की काम होत असे. बॉश कंपनीने 1986 मध्ये कॅन बस ही पद्धत मांडली आणि पुढे गाडीतील निरनिराळी यंत्रे तारांच्या एका सामाईक जोडीवरून एकमेकांशी बोलू लागली. आता नवा भाग नुसता जोडून भागत नाही. तो भाग गाडीत आहे हे तिच्या संगणकालाही सांगावे लागते. शिवाय व्हेरिअंटनुसार वायरिंगचा संचच वेगळा असू शकतो, त्यामुळे डॅशबोर्डवर बटणाच्या जागी कोरे झाकण दिसले तरी त्यामागे तार आलेली असेलच असे नाही. ‘हे नंतर बसवून देऊ’ असे विक्रेता म्हणाला, तर कंपनीचा भाग की बाहेरचा, आणि तारा तोडून की मूळ जोडणीवर, हे दोन प्रश्न तिथल्या तिथे विचारावेत, कारण वॉरंटीचा वाद पुढे नेमका याच दोन प्रश्नांवर उभा राहतो.

दुसऱ्या गाडीच्या सुटणाऱ्या उणिवा आधी संपवू. फोनमधील नकाशे, गाणी वगैरे गाडीच्या पडद्यावर आणणारे अॅपलचे कारप्ले 2014 मध्ये आणि गुगलचे अँड्रॉइड ऑटो 2015 मध्ये बाजारात आले; गाडीत ते केबलने चालत असतील, तर यूएसबीत खोचायचा छोटा अडॅप्टर त्यांना वायरलेस करतो. मात्र केबलनेही चालत नसतील, तर हा मार्ग बंद होतो. जनरल मोटर्सने 2023 मध्ये आपल्या पुढील विजेवरील गाड्यांतून या दोन्ही सोयी काढण्याचा निर्णय जाहीर केला होता, तेव्हा ‘हल्ली सगळ्याच गाड्यांत असते’ या समजुतीवर विसंबू नये. वायरलेस चार्जिंगची उणीव मी उणीवच धरत नाही, कारण त्यात फोन तापतो आणि चांगली केबल त्याहून वेगाने काम करते. टायरचा दाब ही मात्र गंभीर बाब आहे. युरोपीय संघात 2014 पासून सर्व नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची आहे. पण व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे सेन्सर आणि त्यांचा छोटा पडदा स्वतंत्र मिळतो आणि तो गाडीच्या वायरिंगला हात न लावता बसतो. रंगीत दिव्यांवर शब्द खर्च करण्याची गरज नाही.

उरलेल्या चार उणिवा मात्र गाडी असेतोवर राहणार; त्यांतील व्हेंटिलेटेड सीटचे शेवटी पाहू. सनरूफ नंतर बसवून घेण्याचा विचारही करू नये, कारण गाडी उलटली तर भार पेलणारे छतच त्यासाठी कापावे लागते. शिवाय काचेच्या छताची चौकट डोक्यावरची जागा खाते, हे उंच माणसाने दोन्ही गाड्यांत बसून पाहावे. विजेची डिकी बाहेरून बसवून मिळते, पण लहान मुलाची बोटे मध्ये आल्यावर झाकण किती तत्परतेने मागे फिरेल याची खात्री मला तशा संचाबद्दल वाटत नाही; उघड्या झाकणापर्यंत हात पोचत नसेल तर आतून एक मजबूत पट्टा बांधला की भागते. 360 अंशांच्या कॅमेऱ्याचे मोल मी पूर्वी कमी धरत असे. मागचा कॅमेरा अमेरिकेत मे 2018 पासून प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचा आहे आणि तो दुसऱ्या गाडीतही आहे, मग आणखी कशाला, असा माझा हिशेब होता. पण एसयूव्हीचे बॉनेट उंच असते, आणि त्याच्या अगदी पुढ्यात उभे असलेले चारपाच वर्षांचे मूल चालकाला आपल्या जागेवरून मुळीच दिसत नाही, हे एकदा स्वतः पाहिल्यावर पुढच्या कॅमेऱ्याबद्दलचे मत बदलले. दुसरी गाडी घेणाऱ्याने निदान पुढचे सेन्सर आहेत का ते पाहावे.

पहिल्या गाडीच्या सहा उणिवा

यांत मी सर्वांत वर स्टिअरिंग ठेवतो, आणि ती केवळ सोयीची बाब नाही. सीटला पाठ पूर्ण टेकवून हात सरळ पुढे केला असता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे, ही साधी चाचणी आहे. स्टिअरिंग पुढेमागे होत नसेल, तर बुटक्या चालकाला पेडलपर्यंत पाय पोचवण्यासाठी सीट पुढे घ्यावी लागते आणि छाती एअरबॅगच्या फार जवळ येते. हे अंतर किमान 25 सेंटिमीटर असावे, असे सुरक्षातज्ज्ञ सांगतात. उंच चालकाचे उलटे होते: पाय नीट बसले की हात ताणून चालवावे लागते आणि तासाभरात खांदे भरून येतात. घरात गाडी चालवणारे दोघे असतील आणि त्यांच्या उंचीत वीतभर फरक असेल, तर एकाची तरी रोज गैरसोय होणार, आणि स्टिअरिंगचा दांडा काही नंतर बदलून मिळत नाही.

मधली रांग न सरकणे ही गोष्ट कागदावर किरकोळ वाटते. ती शोरूममध्येच पारखायची असेल, तर मुलाची सीट सोबत न्यावी. आयसोफिक्सचे, म्हणजे मुलाची सीट गाडीला अडकवण्याचे दोन हूक, जे आयएसओ 13216 या मानकानुसार एकमेकांपासून 280 मिलिमीटरवर असतात, गादी आणि पाठ यांच्या फटीत बोटांनी चाचपून सापडतात. मुलाची सीट त्यांत खट् आवाज करून अडकली, की तिसऱ्या रांगेत जायला तोच दरवाजा वापरून पाहावा. बहुतेक गाड्यांत मधली सीट दुमडल्याशिवाय मागे जाता येत नाही, आणि मुलाची सीट लावलेली असताना ती दुमडत नाही. सरकणारी रांग असेल तर काही गाड्यांत मुलाची सीट न काढता मागे जाण्यापुरती फट तरी होते. ती न सरकली तर आजीआजोबांना दुसऱ्या बाजूने चढावे लागते, आणि दोन्ही बाजूंना मुलांच्या सीट असतील तर तिसरी रांग नुसती नावालाच उरते. ती रांग दाखवूनच तर गाडी विकली जाते!

मागच्या वायपरचे कारण हवेत आहे. सेडानच्या उतरत्या काचेवरून हवा वाहत जाते आणि पाणी सोबत नेते. एसयूव्हीच्या उभ्या पाठीमागे कमी दाबाची पोकळी तयार होऊन चाकांनी उडवलेला चिखल आणि तुषार काचेकडेच ओढले जातात. ‘कॅमेरा आहे ना,’ असे यावर सांगितले जाते, पण कॅमेऱ्याची भिंग त्याच पाठीवर, त्याच चिखलात असते. वायपर नंतर बसवायचा तर काच किंवा डिकीचे झाकणच बदलावे लागते.

स्टेपनीबद्दल मी पूर्वग्रहदूषित आहे, हे आधीच सांगतो. माझ्या आधीच्या गाडीत तिच्या जागी पंक्चर भरण्याचे द्रव्य आणि छोटा पंप होता. एका रात्री टायरची बाजू धारदार दगडाने कापली गेली आणि ते द्रव्य कापलेल्या बाजूतून पांढरे फेसाळत रस्त्यावर सांडत राहिले, कारण ते टायरच्या तळातील छोट्या छिद्रासाठीच असते. त्या द्रव्याची मुदतही काही वर्षांत संपते. स्टेपनी बाजारातून आणता येईल, पण तिची जागा गाडीच्या तळाशी योजलेली नसेल तर ती सामानाच्या जागेत आडवी पडून राहते. दुसऱ्या गाडीतील स्टेपनी पूर्ण मापाची आहे की ताशी 80 किलोमीटरची मर्यादा असलेली बारीक, हेही तळाचे झाकण उचलून पाहावे.

एसीच्या दोन तक्रारी एकत्र घेता येतात. मागे झरोके असणे आणि मागे स्वतंत्र पंखा असणे यात फरक आहे: नुसते झरोके पुढच्याच पंख्याची उरलेली हवा देतात, त्यामुळे तिसऱ्या रांगेला गारवा मिळेपर्यंत पुढची माणसे कुडकुडतात. आणि तो पंखा कमी करायचा तर पहिल्या गाडीत पडद्यावर दोन पाने उलटावी लागतात, तेही रस्त्यावरची नजर काढून. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेच्या 2026 च्या निकषांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत या पाच गोष्टींसाठी हाताने चाचपता येणारी बटणे असल्याचे गुण आहेत. एसी त्या पाचांत नाही, म्हणजे तो ग्राहकानेच पाहायचा.

एक इशारा दोन्ही गाड्यांसाठी आहे. माहितीपत्रकातील सोय प्रत्यक्ष मिळणाऱ्या गाडीत असतेच असे नाही. 2021 च्या चिपटंचाईत काही कंपन्यांनी गरम होणाऱ्या सीट आणि वायरलेस चार्जिंग तात्पुरते वगळून गाड्या दिल्या होत्या. याउलट यंत्र गाडीत असूनही सोय बंद ठेवलेली असू शकते: बीएमडब्ल्यूने 2022 मध्ये काही देशांत सीट गरम करण्यासाठी मासिक शुल्क ठेवले आणि पुढच्या वर्षी ते मागे घेतले. म्हणून यादी ताब्यात येणाऱ्या गाडीवर पडताळावी आणि कुठली सोय किती काळ मोफत आहे हे लेखी घ्यावे.

माझा कौल एका परिस्थितीत फिरतो. चालक एकच असेल, तिसरी रांग बहुतेक वेळ दुमडलेलीच राहणार असेल आणि कडक उन्हात रोज दोनतीन तास गाडीत जाणार असतील, तर व्हेंटिलेटेड सीटचे पारडे जड होते. साब या कंपनीने 1997 मध्ये 9-5 या गाडीत आणलेली ही कल्पना साधी आहे: सीटच्या पोटातील छोटे पंखे कातड्याच्या बारीक छिद्रांतून हवा खेळवतात आणि पाठ घामाने चिकटत नाही. नंतर ती तशी बसवता येत नाही. वर टाकायच्या पंख्याच्या गाद्या मिळतात, पण सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिची शिवण झाकणारे काहीही सीटवर चढवू नये. असा ग्राहक पहिल्या गाडीत बसून मनगट स्टिअरिंगच्या कडेवर टेकवून पाहील, आणि ते टेकले तर त्याने तीच घ्यावी.