एकच जुना ब्रिटिश रहस्यपट बघायचा असेल तर कुठला?

गेल्या शनिवारी पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, दोघांनाही सुट्टी आहे, बाहेर पाऊस धो धो. तुझ्या त्या काळ्या-पांढऱ्या इंग्रजी रहस्यपटांपैकी एक सांग. एकच. बोअर झालं तर पुन्हा कधी विचारणार नाही." म्हटलं, तासाभरात सांगतो. पण चार-पाच चित्रपट डोक्यात एकदमच गर्दी करून उभे राहिले आणि तासाचा अख्खा दिवस झाला. तो जो काथ्याकूट झाला तो इथे मांडतोय. तुमच्याकडेही एकच मोकळी संध्याकाळ असेल तर उपयोगी पडेल.

आधी एक सांगतो, म्हणजे नंतर तक्रार नको. हे मोठ्या खर्चाचे, मोठ्या नटांचे चित्रपट नव्हेत. मुख्य चित्रपटाच्या आधी तिकिटाची भरपाई म्हणून दाखवायचे, ते हे जोडचित्रपट. त्यांचा जन्मही काही कलेच्या ओढीने झालेला नाही. १९२७ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. अमेरिकी चित्रपटांनी थिएटरं व्यापून टाकली होती, तेव्हा प्रत्येक वितरकाने आणि थिएटरवाल्याने ठराविक टक्के ब्रिटिश चित्रपट घेतलेच पाहिजेत, असा तो कायदा. सुरुवातीला वितरकांना साडेसात टक्के, थिएटरांना पाच, आणि चढत चढत वीसपर्यंत. अमेरिकी कंपन्यांनी हिशेब केला: कोटा भरायचाच आहे ना, मग स्वस्तात स्वस्त भरू. फुटाला एक पौंड हा भाव ठरून गेला. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते, म्हणजे तासाभराचा चित्रपट पाच-साडेपाच हजार पौंडांत उरकायचा. या मालाला नावच पडलं 'कोटा क्विकी'. १९३८ च्या नव्या कायद्याने कोट्याचा तो खेळ बदलला, पण जोडचित्रपटाची गरज संपली नाही. साठच्या दशकापर्यंत छोट्या स्टुडिओंतून असले तास-सव्वा तासाचे रहस्यपट निघतच राहिले.

तेव्हा यांची तुलना करताना मी एकच गोष्ट बघतो. पैसे नव्हते हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण नव्हते म्हणून दिग्दर्शकाने काय केलं? झाकपाक केली, की गोष्टच तेवढ्या पैशांत मावेल अशी घेतली?

झाकपाकीचा नमुना म्हणजे १९३२ चा 'नंबर सेव्हन्टीन'. दिग्दर्शक हिचकॉक, त्यामुळे भाच्याने हेच नाव आधी घेतलं. रिकामं घर, मेणबत्ती, जिन्याच्या कठड्याच्या भिंतभर पसरलेल्या सावल्या, एक प्रेत आणि एक हार. पहिली वीसेक मिनिटं बघत राहावीत अशी. पुढे मात्र कोण पोलीस, कोण चोर, कोण कुणाच्या बाजूने, याचा पत्ता लागत नाही. मला तिसऱ्या वेळीही नीट लागला नाही. शेवटी बस आणि आगगाडीची शर्यत आहे, ती चक्क खेळण्यातल्या गाड्यांची. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे मांडायचो तशीच मांडलेली, आणि तशीच गोड. पण गोड वाटणं वेगळं आणि श्वास रोखला जाणं वेगळं. खुद्द हिचकॉकने पुढे या चित्रपटाला नावंच ठेवली. त्याचं नाव बघून लावाल तर फसाल. त्याचे बाकीचे बघून झाले असतील तर जरूर लावा.

शेरलॉक होम्सचे आर्थर वॉन्टनर यांचे चित्रपट मी लगेच बाजूला ठेवले. १९३१ ते १९३७ मध्ये त्यांनी पाच वेळा होम्स केला. पहिल्याच वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती, पण चेहरा असा की मूळ मासिकातल्या चित्रांमधून उठून आल्यासारखा. वॉन्टनर सुरेख, चित्रपट मात्र बसकट. माणसं खोलीत येतात, बोलतात, जातात. होम्सचे भक्त असाल तर तेवढ्यावरही भागेल. एक सावधगिरी बाळगा: १९३७ चा 'सिल्व्हर ब्लेझ' अमेरिकेत 'मर्डर अ‍ॅट द बास्करव्हिल्स' या नावाने लागला होता. दोन नावं बघून दोन चित्रपट समजू नका.

खरी चुरस पुढच्या तिघांत आहे.

'द फँटम लाइट', १९३५. दिग्दर्शक मायकल पॉवेल. पुढे मोठं नाव झालेल्या या माणसाने १९३१ ते १९३६ या काळात तेवीस चित्रपट काढले, बहुतेक याच कोट्याच्या गिरणीत. हा त्यातला जरा खात्यापित्या घरचा म्हणायचा, कारण मागे बरा स्टुडिओ होता. वेल्सच्या किनाऱ्यावरचं एक दीपगृह. आधीच्या रखवालदारांचं काहीतरी वाईट झालेलं, आणि रात्री भलत्याच ठिकाणी दिवा दिसून जहाजं खडकावर आपटतात. तिथे लंडनचा एक नवा रखवालदार रुजू होतो. हे काम गॉर्डन हार्करचं. खालचा ओठ पुढे काढलेला, सगळ्या जगावर वैतागलेला हा नट हिचकॉकच्या मूकपटांतही होता. गाव त्याला भुताच्या गोष्टी सांगून घाबरवू बघतं आणि हा बदली होऊन आलेल्या सरकारी नोकरासारखा जुन्या कारभाराला नाकं मुरडत कामाला लागतो. त्याचा तो पवित्राच निम्मा चित्रपट उचलतो.

उरलेला निम्मा पॉवेलच्या कॅमेऱ्याने उचललाय. बाकीचे दिग्दर्शक स्टुडिओत पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करत होते, तेव्हा हा बाहेर पडला. सुरुवातीला फेस्टिनिऑगची डोंगरातली छोटी रेल्वे आणि टॅन-इ-बुल्खचं स्टेशन खरं आहे. दीपगृहाची दृश्यं वेल्समध्ये नव्हे, डेव्हनमधल्या हार्टलंड पॉइंटला घेतलेली. आतला गोल जिना, वर फिरणारा भला मोठा दिवा, त्याच्या भिंगांत तुटून दिसणारे चेहरे. फुकटात मिळणारा समुद्र आणि धुकं त्याने पुरेपूर वापरून घेतलंय. दोनच वर्षांनी हाच माणूस शेटलंडच्या फूला बेटावर जाऊन अख्खा चित्रपट करून आला. त्या वेडाची चुणूक इथे दिसते.

खोट काय? रहस्य फार पातळ आहे. कोण करतंय आणि कशासाठी, हे निम्म्यात ओळखाल. मधली विनोदी बोलणी लांबतात. आणि उच्चार! हार्करची लंडनी बोली, गावकऱ्यांचं वेल्श वळणाचं इंग्रजी, त्यात १९३५ चं ध्वनिमुद्रण. सबटायटल नसतील तर एकमेकांना "काय म्हणाला?" विचारण्यात चित्रपट संपेल. पण घरात सगळे एकत्र बसून, भजी खात बघायचं असेल तर याच्या जवळपास दुसरा नाही. रक्त नाही, किंचाळ्या नाहीत, आठ वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत कुणालाही चालेल.

दुसरा पर्याय म्हणजे एक चित्रपट नव्हे, अख्खी मालिका. लंडनच्या दक्षिणेला मर्टन पार्क नावाचा स्टुडिओ होता. तिथे १९६० ते १९६५ मध्ये एडगर वॉलेसच्या कथांवर पंचेचाळीसच्या वर तासाभराचे रहस्यपट निघाले. वॉलेस १९३२ मध्येच गेला होता. कथा जुन्या, पण कपडे, गाड्या, टेलिफोन सगळं साठच्या दशकातलं करून घेतलं. प्रत्येकाची सुरुवात एकच: अंधारात धुराच्या वलयांमध्ये वॉलेसचा अर्धपुतळा हळूहळू फिरतो आणि गिटारची धून वाजते. 'मॅन ऑफ मिस्टरी' नावाची ती धून 'द शॅडोज' या बँडने वाजवली आणि ती ब्रिटनभर गाजली. ती सुरू झाली की माझा हात आपोआप चहाच्या कपाकडे जातो.

इथे काटकसर कशी दिसते? खोल्या लहान, माणसं मोजकी, मारामारी आटोपशीर. पण रस्ते खरे आहेत. ओला डांबरी रस्ता, काळी वूल्सली पोलीसगाडी, कोपऱ्यावरचं तंबाखूचं दुकान, टेलिफोनची खोकी. पन्नास-साठ वर्षांनी कथा विसरायला होते आणि ते लंडन लक्षात राहतं. दर्जा मात्र वर-खाली. सरळ खुनी कोण असा बंद खोलीचा खेळ हवा असेल तर पहिलाच 'द क्लू ऑफ द ट्विस्टेड कँडल' घ्या. त्यात पुढे बॉण्डपटांत जेम्स बॉण्डचा साहेब झालेला बर्नार्ड ली पोलीस अधिकारी आहे. मत्सरी नवरा बायकोला मारायला भाडोत्री मारेकरी नेमतो आणि डाव त्याच्याच हातून निसटायला लागतो, असं काही हवं असेल तर १९६२ चा 'कँडिडेट फॉर मर्डर'. मायकल गॉफ त्यात इतका गुळगुळीत दुष्ट आहे की बस. 'सोलो फॉर स्पॅरो'मध्ये पोरसवदा मायकल केन एका छोट्या भूमिकेत दिसतो, पण तेवढ्यासाठी संध्याकाळ घालवू नका. एकच चित्रपट बघणाऱ्यासाठी ही मालिका नव्हे. हिची मजा रोज रात्री एक, अशा रतीबात आहे.

आणि तिसरा, १९६१ चा 'कॅश ऑन डिमांड'. इथे माझा तोल जातो हे आधीच कबूल करतो. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली.

हॅमर ही भुतापिशाच्चांच्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी. तिने एका टीव्ही नाटकावरून हा चित्रपट केला. ख्रिसमसच्या तोंडावरची एक सकाळ, एका छोट्या गावातली बँकेची शाखा. व्यवस्थापक फॉर्डाइस, म्हणजे पीटर कुशिंग. शिस्तीचा किडा. हाताखालच्या लोकांशी हसून बोलणं म्हणजे अधिकार कमी होणं, अशा समजुतीचा. पिअर्सन नावाच्या जुन्या सहकाऱ्याला किरकोळ चुकीवरून नोकरीवरून काढायची धमकी देऊन झालेली असते. तेवढ्यात विमा कंपनीचा तपासनीस म्हणून एक कर्नल येतो. आंद्रे मॉरेल. हसतमुख, ऐसपैस, फॉर्डाइसच्याच खोलीत फॉर्डाइसपेक्षा जास्त घरच्यासारखा. हे दोघे दोनच वर्षांपूर्वी हॅमरच्याच चित्रपटात होम्स आणि वॉटसन होते. इथे एक मांजर आहे, एक उंदीर. कर्नल शांतपणे सांगतो: तुझी बायको आणि मुलगा आमच्या लोकांच्या ताब्यात आहेत, आता तू स्वतः मला तिजोरी रिकामी करून देणार आहेस. नव्वद हजारांवर पौंड.

पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट त्या बँकेच्या भिंतींच्या आत घडतो. आपण मराठी प्रेक्षक एका दिवाणखान्यात तीन अंक बघत वाढलो, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. उलट इथे पैशाची चणचण आणि गोष्ट एकच झाल्यात. बाहेर जाता येत नाही, कारण फॉर्डाइसलाही जाता येत नाही. काउंटरवर नेहमीचं कामकाज चाललंय, टंकलेखन चाललंय, आणि काचेच्या आड साहेबाच्या कपाळावरचा घाम वाढतोय. कुणालाही काही कळता कामा नये. ज्यांच्याशी कधी माणसासारखं बोलला नाही, त्यांच्यासमोर त्याला आज सगळं ठीक असल्याचं नाटक करायचंय. कुशिंगचा आवाज हळूहळू कसा चिरत जातो तेवढंच ऐकत राहिलात तरी पैसे वसूल.

आमच्या एका शाखेत असा साहेब होता. चौदा रुपयांच्या फरकासाठी त्याने अख्ख्या शाखेला रात्री नऊपर्यंत बसवलं होतं. फरक सापडला तो त्याच्याच सहीच्या व्हाउचरमध्ये. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यांदा चहा सांगितला. पिअर्सन आणि फॉर्डाइसमध्ये पुढे जे होतं ते बघताना मला तो चहा आठवला.

उणं काय? 'खून कुणी केला' हे इथे नाहीच. सुगावे जुळवायची हौस असेल तर निराश व्हाल. सगळं कोडं एवढंच, की हा माणूस यातून कसा सुटणार आणि सुटला तर कसा होऊन सुटणार. लहान मुलं दहा मिनिटांत उठून जातील. उच्चार मात्र तिघांतले सर्वात स्वच्छ, कारण बँकेतला साहेब आणि कर्नल दोघेही पुस्तकी इंग्रजी बोलतात. छायाचित्रणही पंचवीस-तीस वर्षांनी नवं, त्यामुळे प्रत चांगली मिळण्याची शक्यता जास्त. तीसच्या दशकातल्या चित्रपटांच्या इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रती बऱ्याचदा कॉपीची कॉपी असतात. रात्रीचं दृश्य आलं की पडदा नुसता काळा.

तर भाच्याला काय सांगितलं? तो, त्याची बायको, दोघंच, रात्रीची वेळ. 'कॅश ऑन डिमांड'. आईबाबा आणि धाकटी बरोबर असती तर डोळे मिटून दीपगृह. ताप येऊन आठवडाभर अंथरुणात पडला असता तर मर्टन पार्क.

एक मात्र सांगायला विसरलो. पूर्ण 'कॅश ऑन डिमांड' सुमारे ऐंशी मिनिटांचा आहे. ब्रिटनमध्ये तो १९६३ मध्ये जोडचित्रपट म्हणून लागला तेव्हा कापून छोटा केला होता, आणि दोन्ही प्रती अजून फिरतात. रात्री साडेदहाला मेसेज आला: "मामा, जबरदस्त. पण सहासष्ट मिनिटांतच कसा संपला?"