मरणोत्तर काठिण्यावरील ऑनलाइन पाठमाला: एक अभिप्राय

न्यायवैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेची तयारी करताना, मृत्यूनंतर स्नायूंमध्ये होणाऱ्या बदलांवरची एक ऑनलाइन पाठमाला मी नुकतीच पूर्ण केली. प्राथमिक शिथिलता, काठिण्य म्हणजेच रायगर मॉर्टिस आणि दुय्यम शिथिलता या तिन्ही अवस्था तिच्यात आहेत, पण तिचा खरा जीव मधल्या अवस्थेत आहे.

काठिण्यामागचे कारण इतके स्वच्छ मला याआधी कोणी उलगडून दाखवले नव्हते. स्नायू आखडण्यासाठी जशी एटीपीची, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, ऊर्जा लागते, तशीच ॲक्टिन आणि मायोसिन या स्नायूंतल्या प्रथिनांची एकमेकांतली पकड सुटण्यासाठीही ती लागते. मृत्यूनंतर हा साठा संपतो आणि पकड अडकून राहते. हे एकदा पटले की आकडीनंतर किंवा अतिश्रमानंतर आलेल्या मृत्यूत काठिण्य लवकर का येते, हे घोकावे लागत नाही.

प्रात्यक्षिकाचा पाठ तर पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. कॅमेरा केवळ अध्यापकांच्या हातांवर रोखलेला आहे. पापण्या, जबडा, मान, कोपर, मनगट, गुडघा असे करत ते प्रत्येक ठिकाणी हलकेच हालचाल करून पाहतात आणि किती विरोध जाणवला ते तिथल्या तिथे नोंदवायला लावतात. पूर्ण आलेले काठिण्य जोर लावून मोडले तर त्या सांध्यात ते परत येत नाही. म्हणून तपासणीआधी देह कोणी उचलला, कपडे कोणी काढले, हे विचारलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटला.

माझी तक्रार मृत्यूच्या वेळेच्या पाठाबद्दल आहे. काठिण्य यायला 12 तास, टिकायला 12 आणि उतरायला 12, हा ठोकताळा तिथे सूत्र म्हणून दिला आहे. वास्तविक उष्ण हवेत ही सारी प्रक्रिया झपाट्याने उरकते आणि थंडीत कितीतरी लांबते, हे याच पाठमालेत आधी शिकवलेले आहे. स्वाध्यायात थंड खोलीतल्या देहाबद्दल प्रश्न होता. मी तापमानाचा विचार करून कालावधीची व्याप्ती लिहिली आणि गुण गेले, कारण अपेक्षित उत्तर एकच आकडा होता. न्यायालयात असा एकच आकडा सांगणे धोक्याचे आहे.

भाजलेल्या देहाची मुष्टियोद्ध्यासारखी ठेवण प्रथिने गोठल्यामुळे येते, झटापटीमुळे नव्हे, हेही दोनच वाक्यांत आटोपले आहे. स्वाध्यायातला तो प्रश्न बदलेपर्यंत, नव्या विद्यार्थ्यांनी वेळेचा पाठ आपल्या शिक्षकांसोबतच पाहावा.