ईएसआयचा अपंगत्व लाभ कसा आहे? प्रेसवर बोट गेलेल्या कामगाराच्या हिशेबाने

पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, तर्जनी गेली. भोसरी-चाकणकडच्या प्रेस शॉपमध्ये होणाऱ्या अपघातांपैकी हा एक, म्हणून ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, अपंगत्व लाभ त्याच्यावरच तपासून बघू. कामगाराचं वय 30, सरासरी मजुरी रोज 600 रुपये. पगार महिना 21,000 च्या आत असल्याने ईएसआय कापली जाते: कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25.

पैशांच्या बाबतीत या योजनेला फार नावं ठेवता येत नाहीत. कामावर परत जाण्याजोगा होईपर्यंत सरासरी मजुरीच्या 90 टक्के, म्हणजे रोजचे 540. मुदतीची मर्यादा नाही, आधी किती वर्गणी भरली याची अट नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हात सापडला तरी हक्क आहे. अपघाताचा दिवस सोडून निदान 3 दिवस काम बंद राहिलं पाहिजे, एवढंच. उपचाराचा खर्च वेगळा आणि तोही योजनेचाच.

बोट कायमचं गेलं की कायद्यातला तक्ता लागतो: कोणता अवयव गेला तर अपंगत्व किती टक्के. अख्खी तर्जनी 14 टक्के, अंगठा 30, एका हाताची चारही बोटं 50. इथे 540 च्या 14 टक्के म्हणजे रोज 75 रुपये 60 पैसे, 30 दिवसांचे 2,268. हे आयुष्यभर, आणि माणूस पुन्हा कामाला लागून पूर्ण पगार घेत असला तरी.

ईएसआय नसलेल्याला नुकसानभरपाई कायद्याची वाट. तिथलं सूत्र: मजुरी (जास्तीत जास्त 15,000 धरतात) गुणिले 60 टक्के, गुणिले वयाचा गुणक, गुणिले अपंगत्व. तिशीचा गुणक 207.98, म्हणजे एकरकमी 2,62,055 रुपये. आकडा डोळ्यात भरतो, पण ईएसआयची मासिक रक्कम साधारण साडेनऊ वर्षांत त्याच्या पुढे जाते. 21 नोव्हेंबर 2025 पासून दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. वाटा मात्र दोनच आहेत आणि एकाच जखमेसाठी दोन्हीकडून घेता येत नाही. ‘दोन्हीकडून काढून देतो’ म्हणणाऱ्याला फी देऊ नये.

आता खरी रड. सगळा लाभ अपघात अहवालावर, म्हणजे फॉर्म 12 वर लटकलेला असतो आणि तो भरायचा असतो मालकाने. गंभीर जखम असेल तर ताबडतोब, नाहीतर 24 तासांच्या आत. तो गेला की आपल्या प्रेसला गार्ड नव्हता हे कागदावर येतं, म्हणून काही ठिकाणी ‘खासगी दवाखान्याचं बिल आम्ही भरतो, तू घरी लागलं म्हणून सांग’ असा सौदा होतो. सौदा दोन-तीन ड्रेसिंगपुरता टिकतो. नंतर कामगार एकटाच ईएसआयकडे येतो आणि केस-पेपरवर ‘घरी पडून’ असं लिहिलेलं असतं. अहवालाविना तीच जखम साध्या आजारपणात धरली जाते. तिथे 70 टक्केच, म्हणजे 420 रुपये, वर्षाला फार तर 91 दिवस, शिवाय वर्गणीचे दिवस पुरे भरलेले हवेत.

त्यामुळे पहिल्या डॉक्टरला ‘कामावर, प्रेसमध्ये, इतक्या वाजता’ असं स्पष्ट सांगून ते केस-पेपरवर लिहून घ्यावं. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का ते बघावं आणि पानाचा फोटो काढावा. अहवाल जात नसेल तर ईएसआयच्या ब्रँच मॅनेजरच्या नावे साधा अर्ज द्यावा: तारीख, वेळ, मशीन, शेजारी काम करणाऱ्या दोघांची नावं, हजेरीचा पुरावा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मग चौकशी करणं ब्रँचला भाग पडतं. अपघात झाल्यावर घाईघाईने नोंदणी केलेल्या कामगाराची चौकशी तर होतेच, पण म्हणून हक्क बुडत नाही.

डॉक्टरच्या सर्टिफिकेटांची साखळी ही दुसरी कटकट. पहिलं, मधली आणि शेवटचं ‘फिट’ सर्टिफिकेट यांत एका दिवसाची फट राहिली तरी तेवढ्या दिवसांचे पैसे अडकतात. आधार, ईएसआय कार्ड आणि बँक पासबुक यांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. आडनाव पुढे-मागे झालं तरी पेमेंट परत येतं.

कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाला मधले गुण. बोट तुटलं असेल तर तक्ता समोर असतो, वाद कमी. चेंगरून ताठ झालेलं बोट मात्र तक्त्यात नसतं आणि तिथे टक्केवारी बोर्डाच्या अंदाजावर जाते. एक्स-रे, फिजिओथेरपीचे कागद आणि ‘आधी कोणतं काम करत होता, आता कोणतं दिलंय’ असं कंपनीचं पत्र सोबत न्यावं. आकडा पटला नाही तर मेडिकल अपील ट्रायब्युनल किंवा कर्मचारी विमा न्यायालय आहे. 90 टक्क्यांचा तात्पुरता लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, हेही एचआरला सांगून ठेवावं.

ठेकेदाराकडच्या कामगारांनी एक गोष्ट आजच बघावी. हातात 15,000 पडत असतील आणि ईएसआयच्या नोंदीत 9,000 च दिसत असतील, तर 90 टक्के त्या 9,000 चेच मिळतात, आणि पुढे बोटाची जन्मभराची रक्कमही त्यावरच ठरते.