प्युपिलोप्लास्टी : कोथरूडमधील एका नेत्र रुग्णालयाचा अनुभव

माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या डोळ्यावर यंदा प्युपिलोप्लास्टी, म्हणजे फाटून विस्फारलेल्या बाहुलीला टाके घालून ती लहान करण्याची शस्त्रक्रिया, कोथरूडमधील एका नेत्र रुग्णालयात झाली. मोतीबिंदूचे ऑपरेशन कुठे करावे हे पुण्यात कोणीही सांगेल. या शस्त्रक्रियेची माहिती देणारे मात्र सहसा भेटत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दुचाकीवर सामान बांधताना रबरी दोरीचा हूक निसटून दादाच्या डोळ्यावर बसला होता. त्या माराने धरलेला मोतीबिंदू दुसऱ्या एका ठिकाणी काढून कृत्रिम भिंगही बसवले गेले. पण बाहुली आकुंचित करणारा परितारिकेच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) कडेचा स्नायू फाटला होता, त्याकडे तेथे कोणी लक्षच दिले नाही. निरोगी बाहुली लख्ख उजेडात दोन ते चार मिलिमीटरवर येते. दादाची भर उन्हातही सात मिलिमीटरच्या आसपास असे आणि आतले भिंग साधारण सहा मिलिमीटरचे, त्यामुळे प्रकाश भिंगाच्या कडेवरून आणि कडेबाहेरूनही आत शिरे. रात्री सिंहगड रस्त्यावर समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती त्याला किरणांचे जाळे दिसे. एवढे सांगूनही ‘तक्ता तर नीट वाचता, काळा चष्मा वापरा’ अशी त्याची बोळवण झाली होती.

कोथरूडच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत शस्त्रक्रियेचा विषयच काढला नाही. बाहुली लहान करणारे पायलोकार्पिनचे थेंब त्यांनी आधी देऊन पाहिले. फाटलेल्या स्नायूवर त्यांचा उपयोग झाला नाही, कपाळ मात्र दुखले. मग मध्ये छोटी बाहुली मोकळी ठेवलेली रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घालून दादाला बाहेर रस्त्यावर उभे केले. चकाकी लगेच कमी झाली, तेव्हा दुखणे बाहुलीचेच आहे हे पक्के झाले. डोळ्याचा कोनही, म्हणजे परितारिकेच्या बाहेरच्या कडेची डोळ्यातले पाणी वाहून जाण्याची जागा, तपासला, कारण अशा मारानंतर पुष्कळ वर्षांनीही काचबिंदू उद्भवू शकतो आणि डोळ्यातला दाब आयुष्यभर पाहत राहावा लागतो.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते संमतीपत्रापूर्वीचे बोलणे. डॉक्टरांनी कागदावर लहानमोठी वर्तुळे काढून स्पष्ट सांगितले की, शिवलेली बाहुली पूर्वीसारखी उजेडाप्रमाणे लहानमोठी होणार नाही; फार लहान ठेवली तर तिन्हीसांजेला अंधुक दिसेल आणि पुढे दृष्टिपटल तपासणे अवघड होईल, मोठी ठेवली तर चकाकी उरेल. परितारिका त्वचेसारखी सांधत नाही, म्हणून केसाहून बारीक, न विरघळणाऱ्या पॉलिप्रॉपिलीन धाग्याचे टाके कायम आतच राहतात, हेही त्यांनी समजावले. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांच्या नावाशी जोडली गेलेली ‘सिंगल पास फोर थ्रो’ पद्धत त्यांनी वापरली. तीत सुई दोन्ही कडांतून एकदाच जाते, धाग्याच्या फासातून चार वेढे दिले जातात आणि ओढताच ते आपोआप घट्ट बसतात. दुसरी गाठ मारावी लागत नाही.

शस्त्रक्रिया डोळा बधिर करून झाली आणि संध्याकाळी दादा घरी आला. लेखी अंदाजपत्रकात होते तेवढेच बिल झाले. विमा कंपनीने ‘ही सौंदर्यशस्त्रक्रिया आहे’ म्हणून दावा अडवला, तेव्हा रुग्णालयाने आधीची छायाचित्रे जोडून सविस्तर पत्र दिले, हे आवर्जून नोंदवते.

आज बाहुली किंचित लंबगोल दिसते आणि अंधारात दोन्ही डोळ्यांतला फरक जाणवतो. पण दादा काळ्या चष्म्याशिवाय दुपारी बाहेर पडतो आणि रात्री गाडी चालवतो. तक्रारी दोनच : ओपीडीत ताटकळावे लागते, आणि थेंबांचे वेळापत्रक फक्त इंग्रजीत मिळते, आईसाठी ते मला मराठीत उतरवून घ्यावे लागले. पहिल्या तपासणीला जाताना मार लागल्यापासूनचे सर्व कागद आणि बसवलेल्या भिंगाचे कार्ड सोबत ठेवावे. डॉक्टर ते मागतातच.