फुकटच्या क्लायंटचे दोन लाख सात हजार

आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय रत्नागिरीत असून राजापूर, देवरुख, गुहागर, दापोली, मालवण अशा 11 शाखा प्रत्येकी 2 एमबीपीएसच्या लीज लाइनने (भाड्याच्या स्वतंत्र जोडणीने) त्याला जोडलेल्या आहेत. ओरॅकल डेटाबेसवर चालणारी नवी लेखाप्रणाली घेतल्यावर शाखांतील 46 संगणकांवर ओरॅकल क्लायंट, म्हणजे संगणकाला त्या डेटाबेसशी जोडणारे सॉफ्टवेअर, बसवण्याचे काम ओळखीतून आलेल्या एका कंत्राटदाराला दिले. प्रति संगणक 4,500 रुपये ‘क्लायंट परवाना’, शिवाय प्रवासखर्च वेगळा, असे त्याचे दरपत्रक होते. परवान्याच्या 2,07,000 रुपयांपैकी 1,24,200 आगाऊ दिले. त्या टिपणीवर शिफारशीची सही माझीच आहे.

प्रात्यक्षिक रत्नागिरीतच, सर्व्हरच्याच स्विचला जोडलेल्या संगणकावर झाले. लेखाप्रणाली क्षणात उघडली आणि संचालक मंडळी समाधानाने उठली. शाखांत मात्र तीच प्रणाली उघडायला सात-आठ मिनिटे लागत आणि सकाळी चार संगणक एकदम सुरू झाले की ग्राहक अर्धा तास बाकावर बसून राहत. कंत्राटदाराचे उत्तर ठरलेले असे: ‘साहेब, तुमची लाइनच कमी पडते, 10 एमबीपीएस करून घ्या.’ आम्ही तसा प्रस्तावही तयार करून ठेवला होता.

जुलैत विजेच्या लपंडावात गुहागरचा एक संगणक जळाला. नव्या संगणकासाठी कंत्राटदाराने पुन्हा 4,500 रुपये मागितले, तेव्हा मी स्वतः शाखेत जाऊन शेजारच्या चालू संगणकाची मांडणी पाहिली. तिथल्या पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे ते विंडोजला सांगणाऱ्या यादीत, क्लायंटचा पत्ता त्या संगणकाच्या डिस्कवरचा नव्हताच. तो रत्नागिरीच्या सर्व्हरवरील सामायिक फोल्डरचा होता. म्हणजे 46 पैकी एकाही संगणकावर क्लायंट बसवलेला नव्हता. प्रणाली उघडली की क्लायंटची शंभर एमबीहून मोठी डीएलएल फाइल (प्रोग्रामला लागणारा कोड असलेली फाइल) लाइनवरून ओढली जाई, आणि 2 एमबीपीएसवर एवढ्याला जवळजवळ सात मिनिटे लागतातच. त्याच फोल्डरमधल्या वाचा-मला फाइलीत ‘इन्स्टंट क्लायंट’ (क्लायंटची सुटसुटीत आवृत्ती) असे स्पष्ट लिहिले होते. ओरॅकलचा परवाना डेटाबेससाठी, प्रोसेसरच्या किंवा वापरकर्त्यांच्या संख्येवर घ्यावा लागतो. क्लायंटचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि इन्स्टंट क्लायंट तर ओरॅकलच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतो. आम्हाला मिळालेला ‘परवाना’ म्हणजे कंत्राटदाराच्याच लेटरहेडवरचे पत्र होते. ते आम्ही फाइलला लावून ठेवले, पण वाचले कोणी नाही.

असे काम घेताना प्रात्यक्षिक सर्वांत लांबच्या शाखेत घ्यावे, आणि तेही मुख्य कार्यालयातील सामायिक फोल्डर बंद ठेवून. दुरुस्ती आम्हीच केली. आमची लेखाप्रणाली 32 बिटची असल्याने विंडोज 64 बिटचे असले तरी क्लायंट 32 बिटचाच लागतो, एवढेच काय ते पाहावे लागले. मग रात्री रोबोकॉपीने (विंडोजमधल्या फाइली उतरवण्याच्या आज्ञेने) क्लायंटचा फोल्डर प्रत्येक संगणकावर उतरवला. तुटलेली प्रत पुढे चालू ठेवणारा तिचा झेड पर्याय पावसाळ्यात फार उपयोगी पडला. डेटाबेस कुठे आहे ते क्लायंटला सांगणारी टीएनएसनेम्स फाइलही स्थानिक ठेवून टीएनएस अॅडमिन या विंडोजमधल्या सेटिंगमध्ये तिच्या फोल्डरचा पत्ता दिला. एकाही शाखेची लाइन वाढवावी लागली नाही.

उरलेल्या 82,800 रुपयांचे बिल कंत्राटदाराने तरीही पाठवले. परवान्याची ओरॅकलकडील नोंद दाखवा, असे लेखी कळवले आहे. त्यानंतर त्याने आमचा फोन उचललेला नाही.