पॅरिशच्या हॉलमध्ये कोणता सिनेमा लावावा: 'द मिशन' की 'अपोकॅलिप्टो'?

ईस्टरआधीच्या उपवासकाळात श्रद्धेवरचा ऐतिहासिक सिनेमा दाखवायचा ठरला की ही दोन नावं पुढे येतातच. संभाजीनगर, जालना, वैजापूरकडच्या पॅरिशांनी 'द मिशन' लावावा. 'अपोकॅलिप्टो' धर्मशिक्षणाच्या मुलांसमोर मुळीच नको, मोठ्यांसमोरही आधी नीट कल्पना देऊनच.

'द मिशन' (१९८६, रोलंड जोफे, सुमारे दोन तास पाच मिनिटं) दक्षिण अमेरिकेतल्या ग्वारानी लोकांची आणि त्यांच्यात राहिलेल्या जेज्वीट (येशूसंघी) फादरांची गोष्ट सांगतो. व्हॅटिकनने १९९५ साली काढलेल्या निवडक सिनेमांच्या यादीत तो आहे. त्याचं मोल कळतं ते मेंदोझाच्या प्रायश्चित्तात. हा माणूस ग्वारानींना पकडून गुलाम म्हणून विकणारा, आपल्याच भावाचा खुनी. चिलखत आणि तलवारी जाळ्यात बांधून ते ओझं तो धबधब्याच्या कड्यावरून ओढत नेतो. वाटेत एका फादरना दया येते, ते दोर कापतात. मेंदोझा मुकाट्याने खाली उतरतो, गाठोडं पुन्हा बांधतो. वर पोचल्यावर एक ग्वारानी सुरा घेऊन धावतो, तो त्याच्या गळ्याला लावतो आणि मग दोर कापून ओझं नदीत ढकलतो. मेंदोझा ढसाढसा रडतो.

दोर एकदा फादर कापतात, एकदा ज्याचा अपराध केला तो माणूस. ओझं दुसऱ्या वेळीच उतरतं. पश्चात्ताप, पापांगीकार आणि भरपाई यांचं नातं वर्गात तासभर शिकवूनही मुलांच्या डोक्यात शिरत नाही, ते इथे दिसतं. हा प्रसंग संपला की सिनेमा थांबवा आणि पाच मिनिटं मराठीत बोला.

उत्तरार्धात मात्र सिनेमा घसरतो. १७५० च्या माद्रिद कराराने स्पेनने उरुग्वे नदीच्या पूर्वेकडची, फादरांनी ग्वारानींसाठी वसवलेली सात मिशन गावं पोर्तुगालला देऊन टाकली. सुमारे तीस हजार ग्वारानींना घरदार सोडण्याचा हुकूम निघाला. सिनेमात लढायचं की नाही हे जणू फादरच ठरवतात. प्रत्यक्षात ग्वारानींनी १६४१ मध्येच म्बोरोरे इथे गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांचा पराभव केला होता आणि त्यांची स्वतःची फौज होती. १७५६ च्या लढाईत सेपे तिआराजू हा त्यांचा पुढारी पडला, तीन दिवसांनी काइबाते इथे सुमारे दीड हजार माणसं मारली गेली. सेपेचं नावही सिनेमात नाही. हे खटकायलाच हवं. मराठवाड्यातल्या खेड्यांत श्रद्धा फादरांइतकीच गावच्या मास्तरांनी आणि घरोघर प्रार्थना शिकवणाऱ्या बायांनी टिकवली आहे. श्रद्धावंतांना नुसती गर्दी करून टाकणारा सिनेमा चर्चचं अर्धंच चित्र दाखवतो.

शेवटी मिशनचे प्रमुख फादर गॅब्रिएल पवित्र साक्रामेंत (ख्रिस्तशरीर मानली जाणारी भाकर) हातात धरून गोळीबारात चालत जातात. त्या मिरवणुकीत बाया-पोरंही आहेत, तिकडे लक्ष वेधा. तोच करार १७६१ मध्ये रद्द झाला, हेही सांगा. सिनेमा ते सांगत नाही.

'अपोकॅलिप्टो' (२००६, मेल गिब्सन) ही मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची गोष्ट. सुरू होतो तोच इतिहासकार विल ड्युरँटच्या विचाराने: आतून पोखरल्याशिवाय थोर संस्कृती बाहेरच्याला जिंकता येत नाही. धान्य म्हणून देवगिरीवर मिठाची पोती चढवल्याची कथा ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. चुन्याच्या खाणीचं दृश्य फार ताकदीचं: अंगभर पांढरी भुकटी, खोकणारे गुलाम. मंदिरांच्या गिलाव्यासाठी चुना भाजायला लाकूड लागतं, त्यापायी जंगल जातं. इतिहास मात्र कोंबलेला आहे. दक्षिणेकडची मोठी माया नगरं नवव्या शतकाच्या सुमारास ओस पडली, स्पॅनिश गलबतं आली सोळाव्या शतकात. सिनेमातल्या नरबळींच्या राशी (मुलांना तो नको तो यासाठीच) मायांपेक्षा मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांकडे जास्त जातात. शेवटी किनाऱ्याला क्रूस येतो, तो पाहून टाळ्या वाजू देऊ नका. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने मायांचे ग्रंथ जाळले. कॅथलिक प्रेक्षकांना ते कॅथलिक माणसानेच सांगावं.

'द मिशन'साठी दिवेलागणीनंतरचीच वेळ धरा. जंगलातली दृश्यं काळपट आहेत, खिडक्यांतून उजेड आला तर पडद्यावर काही दिसत नाही. प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर भागवू नका. एनिओ मॉरिकोनेचं ओबो या फुंकवाद्यावरचं संगीत त्यात चिरकतं, हॉलचा साउंड जोडा. संवाद इंग्रजी असल्याने सुरुवातीला दहा मिनिटांत नकाशा, करार आणि पात्रं मराठीत सांगा, नाहीतर मागच्या रांगा पहिल्या अर्ध्या तासातच उठतात. दुसरा थांबा पोपचे दूत कार्डिनल आल्तामिरानो मिशनांबद्दलचा निर्णय सांगतात तिथे घ्या. चर्चा त्याच रात्री नको. रविवारी मिस्सा झाल्यावर ठेवा, बायाही थांबतात.