३५ हजारांचा वेटसूट आणि चिंचोक्याएवढा मणी

जुलैत सर्फिंगचा वेटसूट (थंड समुद्रात घालायचा रबरी फोमचा सूट) माळ्यावरून खाली काढला, तर दोन्ही गुडघ्यांच्या मागची आतली पट्टी पापडासारखी फुगून सुटलेली. ऑक्टोबरात ऑफिसच्या कामासाठी परत तीन महिने आयर्लंडमधल्या गॉलवेला जायचंय, म्हणून सहज बघायला घेतला होता. तिथंच शिडीवर बसून राहिलो. ३८९ युरो. तेव्हाच्या ९० नं गुणा, ३५ हजार होतात. नागपूरच्या माणसानं समुद्रात घालायच्या कपड्यावर एवढे पैसे घातले हे बाबांना आधीच पटलेलं नव्हतं. ते खालून फक्त एवढंच म्हणाले, "फाटला का?"

फाटला नव्हता, गोंद सुटला होता. पण हा फरक शिडीवरून समजावून सांगण्यासारखा नव्हता.

तर बावीस महिन्यांचा हिशोब. ४/३ चा, छातीला चेन असलेला, शिवणींवर पट्टी मारलेला सूट आहे. ४/३ म्हणजे धडाला ४ मिलिमीटर जाड, हातापायांना ३. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी चूक कोणाची यावर माझंच मत मध्येच बदललं, ते पुढे येईल.

घेतला सप्टेंबर २०२३ मध्ये, आयर्लंडला. गॉलवेहून लाहिंच हा सर्फिंगचा किनारा सव्वा तासाच्या रस्त्यावर. शनिवारी सकाळी मित्राच्या गाडीत बसायचं, दोन-अडीच तास पाण्यात घालवायचे आणि दुपारी घरी येऊन वरण-भात. चौदा महिन्यांत ६१ वेळा पाण्यात उतरलो, मोबाईलमध्ये नोंद आहे. भाड्याचा सूट घेतला असता तर प्रत्येक वेळी दहा-बारा युरो गेले असते, आणि तो आधी कोणी घातला आणि त्यात काय केलं हे देवालाच माहीत. (पाण्यात थंडी वाजायला लागली की सूटमध्ये एक गोष्ट सगळे करतात आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मीही बोलणार नाही.) माझ्या सूटला एका वेळेचे पावणेसहाशे रुपये पडले. स्वस्त नाही, पण तोट्याचंही नाही.

ऊब. ही सूटची खरी बाजू, इथं कुरकुर नाही. तिथलं पाणी ऑगस्ट-सप्टेंबरला १५-१६ अंशांच्या आसपास असतं, फेब्रुवारी-मार्चला ९-१०. पाणी हवेपेक्षा जवळपास पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं, त्यामुळे आपल्या जानेवारीतल्या पहाटेच्या १० अंशांशी त्या १० अंशांची तुलनाच नको. मे ते नोव्हेंबर मला थंडी म्हणजे काय ते कळलं नाही. बूट, हातमोजे आणि टोपी चढवून फेब्रुवारीतही उतरलो, पण चाळीस मिनिटांनी पाठ म्हणायची, चल बाहेर. तिथले जुने लोक तेव्हा ५/४ घालतात, ते बरोबरच करतात.

नवीन घेणाऱ्यानं एक गोष्ट नीट समजून घ्यावी, मला ती कळायला सहा महिने लागले. सूट कोरडा ठेवत नाही. १९५२ च्या सुमाराला बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं हेच तर ओळखलं होतं. ऊब कोरडं राहण्यातून येत नाही, रबराच्या फोममध्ये अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांतून येते. आत थोडं पाणी शिरलं तरी चालतं, ते तिथंच थांबलं पाहिजे. ते सारखं बदलत राहिलं की संपलं. माझ्या कंबरेपाशी सूट थोडा सैल आहे. मी उंचीनं बरा पण पाठ जरा आत वळलेली, मग तिथं पाण्याची एक पिशवी तयार होते आणि दर लाटेला थंडगार पाण्यानं भरून निघते. दुकानात उभं राहून सूट चपखल वाटला होता. दुकानात वाकून, हात डोक्यावर नेऊन, जमिनीवर पालथं पडून बघायला हवं होतं. लाज वाटली. ती लाज मला फेब्रुवारीत वीस मिनिटांना पडली.

खांदे मात्र लाजवाब. हात मारताना सूट आहे असं वाटतच नाही. पहिल्या दहा-बारा वेळा तर मी कौतुकानं वेडा झालो होतो.

आता मणी.

छातीवरची चेन लावली की गळ्यातली नाडी ओढायची आणि ती एका प्लास्टिकच्या मण्यात अडकवायची, म्हणजे गळ्यातून पाणी शिरत नाही. हा मणी चिंचोक्याएवढा. चिंचोक्यासारखाच कडक, काळसर आणि गुळगुळीत. आणि ज्या कोणी त्याची जागा ठरवली त्यानं आयुष्यात कधी बोर्डावर पालथं पडून बघितलेलं नाही. कारण पालथं पडलं की मणी बरोबर छातीच्या मधल्या हाडावर येतो. हात मारायला छाती उचलायची, लाट चुकली की परत आपटायची, प्रत्येक वेळी टक्. दोन तासांत किती वेळा? एकदा मोजायला घेतलं, दोनशेच्या पुढे सोडून दिलं. घरी येऊन आरशात बघावं तर हाडावर निळा ठिपका. सोमवारी ऑफिसात टाय बांधताना दुखायचं. सगळं ३८९ युरोचं तंत्रज्ञान एका बाजूला आणि दहा पैशांचा मणी एका बाजूला. मी मणी डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, खाली फडकं लावलं, नाडी सैल सोडून बघितली (गळ्यातून पाणी). सूट कसा आहे असं कोणी विचारलं की मी मण्यापासूनच सुरुवात करायचो. मित्र म्हणाला, बाकी सूटचं काय? मी म्हटलं, बाकी चांगला आहे, पण मणी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नागपूरला परत आलो. इथून समुद्र कोणत्याही दिशेला सारखाच दूर. आणि आपल्याकडे सर्फिंगला वर्कला, मुळकी, महाबलीपुरमला गेलात तरी पाणी इतकं कोमट की उन्हासाठी एक पातळ बनियन पुरतो. तरी सूट आणला होता म्हणून डिसेंबरात मामेभावाच्या शेतावर, काटोलकडे, विहिरीत घालून बघितला. संत्र्याचा बहार, पहाटेचं धुकं, आणि मी काळा रबरी सूट घालून पायऱ्यांवर उभा. पोट्टे हसून लोळले. "काहून बे, बेडूक बनला का?" मामेभाऊ म्हणाला. सूर मारला तर आत जाईचना, बुचासारखा वर. फोमचा सूट तरंगवतो, हे लक्षातच नव्हतं. आणि मूळ मुद्दा, हिवाळ्यात विहिरीचं पाणी ऊनऊन असतं हे मला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. पाच मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर आलो. तरी नोंदीत ती एक खेप धरली आहे, ६२ वी. हिशोब हिशोब असतो.

त्यानंतर गोड्या पाण्यानं धुऊन, आधी आतली बाजू बाहेर काढून सावलीत वाळवून (उन्हात नाही, खांद्याच्या हँगरला नाही, कंबरेत दुमडून जाड काठीवर), पिशवीत घालून माळ्यावर ठेवला. सगळं नियमानं. आणि मग मार्च, एप्रिल, मे.

जुलैत कंपनीला मेल केला. दोन वर्षांची वॉरंटी होती आणि दोन महिने शिल्लक होते. अकरा दिवसांनी उत्तर, फोटो पाठवा. पाठवले. मग मूळ पावती पाठवा. तीही होती. मग म्हणाले, पट्टीचे बुडबुडे बघता हे उष्णतेनं झालेलं नुकसान आहे, वॉरंटीत बसत नाही, पण नवीन सूटवर २० टक्के सूट देऊ. सूटवर सूट. मी तीन परिच्छेदांचं झणझणीत उत्तर लिहिलं, त्यात दोन परिच्छेद मण्यावर होते. त्याला उत्तर आलं नाही.

या ठिकाणी हा लेख संपवून एक तारा द्यायचा असा माझा विचार होता. लिहूनही झालं होतं.

मग बायको म्हणाली, चप्पल शिवायची आहे, सीताबर्डीला चाललोय तर तो रबराचा गणवेशही घे. तिथल्या एका मोचीकाकांनी सूट हातात घेऊन उलटसुलट बघितला, ताणला, हुंगला. "भाऊ, हे मोटरसायकलवर घालाचं हाये का?" म्हटलं नाही, समुद्रात. ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि मग विचारलं, "ठेवलं कुठी होतं?" माळ्यावर. "वर काय हाये?" पत्रा. "मंग गोंद तापला ना भाऊ. चपलाचे सोल असेच सुटते मे मंदी."

३८९ युरोवाल्यांनी अकरा दिवस आणि तीन मेल घेऊन जे सांगितलं तेच यांनी हुंगून सांगितलं. आणि तेव्हाच माझा राग थोडा मागं सरला, हे कबूल करतो. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात हात ठेववत नाही. सूटच्या आतल्या लेबलवर लिहिलेलंच आहे, थंड जागी ठेवा. फक्त मे महिन्यात नागपुरात थंड जागा म्हणजे कूलरच्या समोर, आणि तिथं ठेवला तर आठवड्यात बुरशी धरेल, हे त्या लेबलवर लिहिलेलं नाही. आता तो बेडरूममधल्या कपाटाच्या खालच्या खणात आहे, बायकोच्या शालींना बाजूला करून. त्याची वेगळी किंमत मी मोजतोय.

दुरुस्ती बघण्यासारखी झाली. काकांनी पहिल्यांदा आरी काढली, शिवायला. मी हातच धरला. या सूटच्या शिवणीत सुई अर्ध्या जाडीतूनच जाते, आरपार गेली की पाणी आलंच. त्यांना ते लगेच पटलं, उलट "बराबर, मशीनवाल्यानं हुशारी केली" म्हणाले. मग जुना गोंद बोटानं चोळून चोळून गोळ्या करून काढला. डब्यातलं पिवळं सोल्युशन पट्टीला आणि रबराला दोन्हीकडे पातळ लावलं आणि थांबले. मी म्हटलं, चिकटवा. "वाळू द्या भाऊ. ओलं चिकटवलं तर उद्या निघते." दहा मिनिटं चहा. मग बोटाला चिकटेनासं झाल्यावर पट्टी बसवून लाकडी हातोडीनं टक टक टक. त्या प्रकारच्या सोल्युशनमध्येही बहुतेक हेच निओप्रिन रबर विरघळवलेलं असतं, सूट ज्याचा आहे तेच. ८० रुपये. गॉलवेला मांडीवर नखानं पडलेली चंद्रकोरीसारखी चीर बुजवायला मी असल्याच सोल्युशनची एक नळी ९ युरोला घेतली होती. (नखानं सूट कधीही ओढू नका. बोटांच्या पोटानं चिमटीत धरून ओढा. पाय घालताना पायावर प्लास्टिकची पिशवी चढवली तर सरकन जातो.) दुरुस्ती घरच्या टाकीत दोन तास बुडवून बघितली, सुटली नाही. समुद्रात काय होतं ते ऑक्टोबरात कळेल.

टिकाऊपणाबद्दल अजून एक. बावीस महिन्यांत फोम दबला आहे, नडगीवर आणि पोटावर बोटानं दाबलं की नवीन होता तसा उसळत नाही. ऊब दहातले दोन गुण कमी झाली असं धरतो. गळ्याची कड आईनं पहिल्याच महिन्यात पार्सलमध्ये पाठवलेल्या व्हॅसलीननं थोडी मऊ पडली, ती माझी चूक. मानेला खाज येते म्हणून लावलं होतं. पेट्रोलियमचं काही या रबराला लावू नये, हे नंतर वाचलं.

तर आता तारे चार. साडेतीन देणार होतो, पण परवा मणीसुद्धा गेला.

आई बघत होती मी नेलकटरनं तो मणी कुरतडताना. तुटला, आणि त्याच क्षणी नाडी सुळकन आत पळाली. तासभर मी चिमट्यानं गळ्याच्या नळीत शोधत बसलो. शेवटी आईनं चष्मा लावला, सूट मांडीवर घेतला, जुनी नाडी उपसून टाकली आणि सेफ्टी पिनला परकराची नवीन नाडी अडकवून गळ्याभोवती फिरवून बाहेर काढली. दोन टोकांना सपाट गाठ. पालथं पडून बघितलं, दिवाणावर, चार वेळा आपटून. काही टोचलं नाही.

नाडी १२ रुपयांची. काळी दुकानात संपली होती, गुलाबी आहे.